स्पेक्ट्रमवर होड्यांची शर्यत : पाणी पळेना, मदत हवी

खणभागकर

नमस्कार मंडळी. घरातला जुना डीबी स्पेक्ट्रम प्लस संगणक पुन्हा चालू केलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ब्रिटनच्या सिंक्लेअरने १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम काढला. १९८४ मध्ये तेच यंत्र बऱ्या कीबोर्डच्या खोक्यात घालून स्पेक्ट्रम प्लस आला, आणि १९८६ मध्ये आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो परवाना घेऊन विकायला सुरुवात केली. झेड८०ए प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ, ४८ के रॅम.

यंदा गणपतीत आमच्या सोसायटीच्या मांडवात तो पोरांना खेळायला ठेवायचा बेत आहे. गेमही सांगलीचाच हवा, म्हणून कृष्णेतली होड्यांची शर्यत लिहायला घेतली. पडद्याच्या वरच्या दोन तृतीयांशात आकाश आणि आयर्विन पूल. ते हलत नाही. खालच्या तृतीयांशात पाणी उजवीकडून डावीकडे पळतं आणि त्यावर तीन होड्या. एक खेळणाऱ्याची, दोन यंत्राच्या.

बेसिकमध्ये लिहून पाहिलं, होड्या अक्षरशः गाळात रुतल्या. मग मशीन कोड. पाण्याच्या ६४ ओळी, दर ओळीत ३२ बाइट. प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाकडून सुरू करून 'आरएल (एचएल)' आणि 'डेक एल' असं बत्तीस वेळा, म्हणजे ओळ एक पिक्सेल डावीकडे सरकते. लूपही उलगडून लिहिलाय. होडी काढण्याआधी तिच्याखालचं पाणी जपून ठेवतो, पुढच्या फेरीला ते परत टाकतो, मग पाणी सरकवतो, मग होडी पुन्हा काढतो.

बेसिकपेक्षा कितीतरी बरं चालतं, पण सेकंदाला ५० फ्रेम काही मिळत नाहीत, २५ वर येऊन अडकतं. शिवाय होड्या लुकलुकतात. कुठे वेळ वाचवता येईल? सगळा कोड ३२७६८ च्या वर ठेवलाय, तेवढं मला ठाऊक आहे.

मिरज_जंक्शन

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचणार.

नवखा_सांगलीकर

एक भाबडा प्रश्न. हाच गेम मोबाइलवर एका दुपारी होईल की. मग हा खटाटोप कशाला?

भडंग

@नवखा, आरं मग होड्या तरी कशाला वल्हवायच्या, मोटरबोट हाय की! नाद असतो राव एकेकाला. तू बघ गपगुमान, लय शिकायला मिळंल.

टीस्टेट

खणभागकर, आधी हिशेब मांडा. कोडला हात नंतर लावू.

४८ के स्पेक्ट्रमची एक फ्रेम म्हणजे ६९,८८८ टी-स्टेट, अर्थात प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके (पुढे नुसतं टी). पडद्याची एक ओळ काढायला २२४ टी, अशा वरखालच्या बॉर्डरसकट ३१२ ओळी. तुमचं आयुष्य या ६९,८८८ मध्ये बसवायचं. आता तुमचा खर्च. 'आरएल (एचएल)' ला १५ टी, 'डेक एल' ला ४. एका बाइटला १९. बाइट ६४ गुणिले ३२, म्हणजे २०४८. झाले ३८,९१२ टी. निम्म्याहून जास्त फ्रेम नुसतं पाणी सरकवण्यात गेली, आणि हा आकडाही कागदावरचा.

कागदावरचा असं म्हणतो कारण पडद्याची मेमरी १६३८४ ते ३२७६७ या खालच्या १६ के मध्ये आहे, आणि तिथे यूएलए चिप आणि प्रोसेसर यांची रांग लागते. यूएलएला पडद्यावर चित्र पाठवायला ते बाइट वाचायचे असतात, आणि तिला थांबून चालत नाही. मग ती प्रोसेसरचं घड्याळ रोखून धरते. एका वेळी ६ टी पर्यंत खोळंबा होतो. तुम्ही कोड ३२७६८ च्या वर ठेवलात हे उत्तम, पण तुमची सूचना दर वेळी पडद्याचा बाइट वाचते आणि परत लिहिते, त्यामुळे दोनदा रांगेत उभी राहते. हा खोळंबा फक्त यूएलए चित्राच्या १९२ ओळी काढत असताना होतो. वरच्या-खालच्या बॉर्डरच्या वेळी रस्ता मोकळा असतो.

दुसरं, घड्याळ लावून बसू नका. पोर्ट २५४ चे खालचे तीन बिट बॉर्डरचा रंग ठरवतात. पाण्याची रूटीन सुरू होताना बॉर्डर लाल करा, संपताना निळी, होड्या संपल्या की काळी. बॉर्डरवर पट्टे उमटतील. पट्टा जितका उंच तितका वेळ, एका ओळीला २२४ टी. कोणती रूटीन किती खाते ते डोळ्यांना दिसतं. 'आउट (२५४),ए' ला ११ टी लागतात, तेवढ्याने बिघडत नाही.

खणभागकर

लावले पट्टे. लाल पट्टा वरच्या कडेपासून जवळजवळ शेवटच्या तृतीयांशापर्यंत उतरतो. त्यानंतर होड्यांचा निळा, आणि तो पडद्याच्या तळाशी जाऊन पुन्हा वरून निघतो. म्हणजे फ्रेम उलटली. चोर सापडला. पण आरएलपेक्षा झटपट सरकवायचं कसं? झेड८० मध्ये याहून स्वस्त काही दिसत नाही मला.

विश्रामबाग_मास्तर

स्वस्त काही नाहीच. तुमचा प्रश्नच बदलायला हवा.

आमच्या लहानपणी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ करून घ्यायचे. पेठेतल्या दुकानदाराला पावणेदोन रुपये भावाने सात शेर किती, हे काढायला पाटी लागत नसे. तो गुणाकार करतच नसे. गुणाकार कधीच करून ठेवलेला असे, त्याला फक्त आठवायचं असे. झेड८० ला गुणाकाराची सूचनाच नाही, त्यामुळे त्यावर वेगाने काम करणारे सगळे पाढ्यांवर जगतात. दोन संख्यांचा गुणाकार हवा असेल तर त्यांच्या बेरजेच्या वर्गाचा चौथा भाग, वजा त्यांच्या वजाबाकीच्या वर्गाचा चौथा भाग. चौथ्या भागांचा तक्ता एकदा मेमरीत भरून ठेवला की गुणाकार म्हणजे दोनदा तक्ता पाहणं आणि एक वजाबाकी. बेरीज आणि वजाबाकी यांची समविषमता सारखी असल्याने अपूर्णांक टाकून दिले तरी उत्तर अचूक येतं. साइनचंही तसंच. रॉममधली साइन बहुपदीची लांबलचक मालिका सोडवत बसते. २५६ बाइटचा तक्ता पान धरून (२५६ च्या पटीतल्या पत्त्यावर) ठेवला तर एच मध्ये पान, एल मध्ये कोन, की उत्तर हातात.

आता तुमच्या पाण्याकडे या. तुमच्या लाटेची नक्षी किती रुंद आहे? बहुधा तीच ती नक्षी ओळभर पुन्हा पुन्हा येते. मग २०४८ बाइट सरकवता कशाला? नक्षीचा एक तुकडा सरकवा आणि तोच ओळभर पुन्हा लिहा. पडद्यावर आधी काय होतं ते वाचायची गरजच नाही. तुम्ही यंत्राकडून असं काम करून घेताय जे कुणी सांगितलेलंच नाही. पाणी पळतंय असं दिसलं पाहिजे, पाणी पळवलं पाहिजे असं थोडंच आहे?

टीस्टेट

मास्तरांना दंडवत. हेच लिहायला आलो होतो. आता आकडे.

लाटेची नक्षी १६ पिक्सेल रुंद धरा, म्हणजे दोन बाइट, म्हणजे एच आणि एल या रजिस्टरांच्या एचएल जोडीत मावते. ओळ भरायला झेड८० वर 'पुश' हून वेगवान काही नाही. ११ टी मध्ये दोन बाइट, म्हणजे बाइटला साडेपाच. तुलनेसाठी : 'एलडीआयआर' बाइटला २१ घेते, 'एलडीआय' १६. स्टॅक पॉइंटर (एसपी, 'पुश' कुठे लिहिणार तो पत्ता) ओळीच्या उजव्या टोकाच्या एक पुढे ठेवायचा आणि सोळा वेळा 'पुश एचएल'. १७६ टी मध्ये अख्खी ओळ लिहून झाली.

एका ओळीचा पूर्ण हिशेब असा. एचएल मध्ये त्या ओळीची नक्षी घ्या, १६ टी. 'ॲड एचएल,एचएल', ११. सोळाही बिट एक घर डावीकडे गेले आणि बाहेर पडलेला बिट कॅरीत आला. तो उजवीकडून आत घ्यायला 'एलडी ए,एल', 'एडीसी ए,०', 'एलडी एल,ए', म्हणजे ४ अधिक ७ अधिक ४. नक्षी परत ठेवा, १६. 'एलडी एसपी' १०. वर १७६. बेरीज २४४. गुणिले ६४ ओळी, १५,६१६ टी.

तुमच्या ३८,९१२ च्या तुलनेत हे चाळीस टक्के. शिवाय 'पुश' पडद्याचं काही वाचत नाही, नुसतं लिहिते. आणि खरी गंमत पुढे आहे : 'हॉल्ट' ने थांबून फ्रेमच्या सुरुवातीचा इंटरप्ट आला की चित्राची पहिली ओळ सुरू व्हायला १४,३३६ टी असतात, तेव्हा खोळंबा शून्य. म्हणजे जवळजवळ सगळं पाणी मोकळ्या रस्त्यावर काढून होतं. तुमचं पाणी खालच्या तृतीयांशात असल्याने पडदा काढणारा किरण तिथे पोचायला आणखी १२८ ओळी लागतात, म्हणजे ४३,००८ टी. तोवर पाणी आणि होड्या दोन्ही काढून झालेल्या असतील. लुकलुकणंही गेलं.

उलगडलेल्या कोडला ओळीमागे ३० बाइट, एकूण १९२०. हाताने टाइप करू नका, सुरुवातीला एक छोटा लूप चालवून तो कोड मेमरीत लिहून घ्या.

खणभागकर

डोकं चक्रावलं. एक शंका : 'पुश' करताना एच वरच्या पत्त्यावर जातो आणि एल खालच्या. म्हणजे पडद्यावर एल डावीकडे दिसणार, एच उजवीकडे. मग 'ॲड एचएल,एचएल' ने नक्षी उलटसुलट नाही होणार?

टीस्टेट

शंका रास्त, पण नक्षी गोल फिरतेय. पडद्यावर एल, एच, एल, एच असंच चाललंय. एच मधून निघालेला बिट डाव्या शेजाऱ्यात, म्हणजे एल मध्ये जायला हवा; तो कॅरीतून जातो. एल मधून निघालेला डावीकडच्या एच मध्ये. तो आपोआप जातो. फक्त सुरुवातीची नक्षी मेमरीत भरताना डावा बाइट एल मध्ये जाईल एवढं पाहा.

कुपवाडकरीण

मी औद्योगिक वसाहतीत मायक्रोकंट्रोलरवर काम करते, त्यामुळे टी-स्टेट मोजायची सवय आहे. माझी एक भर.

स्पेक्ट्रमच्या पडद्याची मेमरी विचित्र लावलेली आहे म्हणून सगळे नाकं मुरडतात. पडद्यावर एकाखाली एक दिसणाऱ्या ओळी मेमरीत २५६ बाइट लांब असतात. तृतीयांशात मेमरीच्या क्रमाने गेलात तर आधी आठही अक्षर-रांगांची पहिली ओळ, मग आठही रांगांची दुसरी ओळ, असं चालतं. इथे हेच फायद्याचं आहे. लाटेची नक्षी आठ ओळी उंच आणि सोळा पिक्सेल रुंद ठेवा आणि तीच खाली आठ वेळा येऊ द्या. आता एका नक्षी-ओळीच्या आठही प्रती मेमरीत सलग २५६ बाइट आहेत. म्हणजे एसपी एकदाच २२५२८ वर लावायचा, एचएल मध्ये नक्षी घ्यायची, १२८ वेळा 'पुश', पुढची नक्षी, पुन्हा १२८. एसपी आपोआप योग्य जागी येतो. नक्षी ६४ ऐवजी आठच सरकवायच्या. एकूण बारा हजारांच्या आत, म्हणजे सगळं वरच्या बॉर्डरच्या वेळेत. कोडही फार लहान.

टीस्टेट

ताई, सुरेख. पण मग सगळं पाणी एकाच वेगाने पळेल. माझ्या पद्धतीत प्रत्येक ओळ स्वतंत्र असल्याने पुलाजवळचं पाणी दर चौथ्या फ्रेमला, मधलं दर दुसऱ्या आणि जवळचं दर फ्रेमला सरकवता येतं. नदीला खोली येते. ज्या ओळी त्या फ्रेमला सरकवायच्या नाहीत त्यांचा फिरवण्याचा खर्चही वाचतो.

कुपवाडकरीण

मान्य. चार हजार टी देऊन खोली विकत घ्यायची का, हे खणभागकरांनी ठरवावं. हातात ४३ हजार आहेत, परवडतंय. मी असते तर घेतली असती.

एक किरकोळ सुधारणा मात्र दोन्हीकडे चालेल. नक्षी वेगळ्या तक्त्यात ठेवू नका, 'एलडी एचएल' च्या पोटातच ठेवा आणि फिरवून तिथेच परत लिहा. आकडा सूचनेतच असला की १६ ऐवजी १० टी. स्वतःलाच बदलणारा कोड आमच्या कारखान्यात लिहिला तर घरी पाठवतील, पण तिथे कोड फ्लॅशमध्ये असतो. इथे सगळं रॅम आहे.

सहापाचशून्यदोन

हे सगळं वाचून बीबीसी मायक्रो या त्या काळच्या संगणकाची आठवण आल्याशिवाय राहवेना. १९८४ च्या सुमारास केंद्राच्या 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, त्यावर हात बसलेली आमची पिढी. ६५०२ प्रोसेसर, घड्याळ २ मेगाहर्ट्झ. स्पेक्ट्रमवाले ३.५ चा आकडा दाखवून मिशीला पीळ देत. पण झीरो पेजमधून (मेमरीच्या पहिल्या २५६ बाइटमधून) एक बाइट घ्यायला ६५०२ ला ३ सायकल, म्हणजे दीड मायक्रोसेकंद. झेड८० ला 'एलडी ए,(एचएल)' साठी ७ टी, म्हणजे दोन मायक्रोसेकंद. मेगाहर्ट्झवर जाऊ नका.

आणि बीबीसीत रांग नाही. मेमरी ४ मेगाहर्ट्झवर चालते, एक फेरी चित्राची, एक प्रोसेसरची, कुणी कुणाला अडवत नाही. पाणी पळवायला तर चित्र सांभाळणाऱ्या ६८४५ चिपच्या रजिस्टरात पडद्याचा सुरुवातीचा पत्ता बदलला की काम झालं. प्रोसेसरने एक बाइटही हलवायचा नाही.

टीस्टेट

@सहापाचशून्यदोन, आणि त्यासोबत तुमचा आयर्विन पूलही पळत सुटेल. अख्खा पडदाच सरकतो ना. शिवाय बीबीसीच्या चित्राच्या मोड १ मध्ये एका पायरीला ४ पिक्सेल, मोड ४ मध्ये ८. आणि मोड १ ला पडद्यासाठीच २० के गेले, ३२ पैकी. स्पेक्ट्रमचा पडदा ६९१२ बाइटचा, तोही रंगासकट.

सहापाचशून्यदोन

पूल पळेल हे खरं. फ्रेमच्या मध्यात टायमर लावून पडदा दोन भागांत तोडता येतो, पण ती वेगळी कसरत. मागे घेतो. बीबीसी बेसिकमध्येच असेंबलर होता एवढं मात्र कबूल करा.

टीस्टेट

केलं. त्याचा हेवा अजून आहे.

संपादक मंडळ

बीबीसी की स्पेक्ट्रम हा वाद इथे चाळीस वर्षं उशिरा सुरू होतोय. हवा असल्यास वेगळा धागा काढावा.

खणभागकर

ओळ-ओळ वेगळी ठेवण्याची पद्धत घेतली, ताईंच्या सुधारणेसकट. पाणी पळतंय! पुलाखालचं संथ, काठाकडचं सपासप. लाल पट्टा आता वरच्या बॉर्डरमध्येच संपतो. पण अधूनमधून यंत्र लटकतं. कधी लगेच, कधी खेळ रंगात आल्यावर.

टीस्टेट

इंटरप्ट. एसपी पडद्यात असताना इंटरप्ट आला तर परतीचा पत्ता पडद्यावर लिहिला जातो. नुसतं तेवढंच झालं तर दोन बाइटचा कचरा दिसेल, पण रॉमची इंटरप्ट रूटीन आणखी रजिस्टरं स्टॅकवर ढकलते, आणि तुमचा एसपी त्या वेळी पडद्याच्या कडेला असेल तर भलतीकडे लिहिलं जातं. 'हॉल्ट' नंतर लगेच 'डीआय' (इंटरप्ट बंद), मूळ एसपी मेमरीत जपून ठेवा, पाणी काढा, एसपी परत आणा, मग 'ईआय' (इंटरप्ट चालू).

अजून एक तपासा. आयवाय रजिस्टर वापरताय का? रॉमची इंटरप्ट रूटीन आयवाय मध्ये २३६१० असणार असं गृहीत धरून सिस्टिम व्हेरिएबल बदलते. तुम्ही तिथे होडीचा पत्ता ठेवलात तर ती होडी बदलेल. आयवाय हवाच असेल तर आयएम २ (इंटरप्ट स्वतःच्या रूटीनकडे वळवणारी पद्धत) लावा, २५७ बाइटचा तक्ता आणि स्वतःची छोटी रूटीन. मग रॉमचं कीबोर्ड वाचनही टळतं. तुम्हाला दोन-तीन कळाच पाहायच्या आहेत, त्या थेट पोर्टवरून वाचा.

खणभागकर

आयवाय! दुसऱ्या होडीचा पत्ता तिथेच होता. आयएम २ लावलं, आता तासभर चालू आहे.

होड्यांची पद्धतही बदलावी का? अजून खालचं पाणी जपतोय आणि परत टाकतोय.

विश्रामबाग_मास्तर

कशासाठी जपताय? पाणी दर फ्रेमला पूर्ण नव्याने लिहिलं जातंय. जुनी होडी त्यातच बुडते. पुसायचं काम संपलं.

कुपवाडकरीण

मास्तर +१. आणि होडी काढतानाही स्टॅक वापरा, उलट दिशेने. होडीच्या चित्राचा बाइट आणि त्याचा मुखवटा (होडीबाहेरचं पाणी तसंच ठेवणारा बाइट) जोडीने शेजारी ठेवा. 'पॉप बीसी' मध्ये दोन्ही येतात, १० टी. मग पडद्याचा बाइट घ्या, मुखवट्याशी 'अँड', चित्राशी 'ऑर', परत ठेवा, 'इंक एल'. ७, ४, ४, ७, ४. एका बाइटला ३६. होडी २४ पिक्सेल रुंद असेल तर सरकण्यासाठी एक बाइट जास्त धरून चार बाइट, सोळा ओळी, म्हणजे ६४ बाइट. सुमारे २३०० टी, वर ओळ बदलण्याचा खर्च. तीन होड्या नऊ हजारांत.

सरकवलेल्या आठही प्रती आधीच करून ठेवा. मुखवट्यासकट १०२४ बाइट लागतील. तिन्ही होड्या एकाच आकाराच्या असतील तर तेवढ्यातच भागतं. खेळताना बिट सरकवत बसू नका.

ओळ बदलताना 'इंक एच', आणि अक्षराची सीमा ओलांडली की एल मध्ये ३२ मिळवून एच मधून ८ वजा. ते नको असेल तर १९२ पत्त्यांचा तक्ता, ३८४ बाइट.

नवखा_सांगलीकर

आधी भाबडा प्रश्न विचारला होता, आता खरा विचारतो. एम्युलेटरवर हे शिकायचं असेल तर? आणि मला असेंब्ली येत नाही, बेसिकमध्ये वेग मिळतच नाही का?

मिरज_जंक्शन

वाचून झालं सगळं, वाखुसा (वाचनखूण साठवली). @नवखा, एम्युलेटर फ्यूज घे, त्याच्या डिबगरमध्ये टी-स्टेट दिसतात. असेंबलर पॅस्मो किंवा एसजेएएसएमप्लस. दोन्ही फुकट. तयार झालेली टेपची फाइल मोबाइलवरून वाजवून खऱ्या यंत्राच्या इअर सॉकेटमध्ये सोडायची. पूर्ण ४८ के भरायला साधारण पाच मिनिटं लागतात, आवाज मोठा ठेव आणि मोबाइलची इक्वलायझर वगैरे सोंगं बंद कर.

बेसिकचं म्हणशील तर तिथेही यंत्राचा स्वभाव ओळखावा लागतो. 'गो टू' किंवा 'गो सब' केलं की ते प्रोग्रामच्या पहिल्या ओळीपासून शोधत येतं. म्हणून वारंवार लागणाऱ्या सबरूटीन अगदी वर, छोट्या ओळ-क्रमांकांवर. सुरुवातीचा सगळा सरंजाम खाली नऊ हजारात. व्हेरिएबलही तसेच एकेक करून शोधले जातात, म्हणून लूपमध्ये लागणारे आधी जन्माला घाल. 'सर्कल' विसर. जुन्या मासिकांत आकड्यांऐवजी 'व्हॅल' लिहिलेलं दिसेल, त्याने मेमरी वाचते पण वेग जातो, कारण लिहिलेल्या आकड्यामागे त्याचं पाच बाइटचं रूप आधीच लपवून ठेवलेलं असतं आणि 'व्हॅल' मुळे ते पुन्हा काढावं लागतं.

पाणी बेसिकमध्येही पळतं, फक्त आठ पिक्सेलच्या उड्या मारत. यूडीजीमध्ये (स्वतः आकार द्यायच्या अक्षरांत) लाटेची अक्षरं बनव, त्यांची ३२ अक्षरांची ओळ एका स्ट्रिंगमध्ये ठेव, दर वेळी पहिलं अक्षर काढून शेवटी चिकटव आणि एकाच 'प्रिंट' ने छाप. बत्तीस वेळा 'प्रिंट' करू नकोस.

भडंग

ह्यो धागा म्हंजे आमच्या दुकानातल्या भडंगावाणी झालाय, एक घास घेतला की हात थांबंना. खणभागकर, मांडवात यंत्राला वीज जपून द्या म्हंजे झालं.

मिरज_जंक्शन

भडंगभाऊंचं खरंय. मूळ अडॅप्टर ९ व्होल्टचा आणि त्याची मधली पिन ऋण असते. आजचे बहुतेक अडॅप्टर मध्ये धन. नुसतं टोक बसतंय म्हणून लावाल तर यंत्र जाईल. खालच्या १६ के रॅमच्या ४११६ चिपना ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यातला एक बिघडला की त्या मरतात. (वरच्या ३२ के मध्ये कित्येक यंत्रांत ६४ किलोबिटच्या अर्ध्या खराब चिप बसवल्यात, चांगला अर्धा भाग वापरून. काटकसर म्हणजे किती!) जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले नसतील तर मांडवाआधी बदला.

खणभागकर

कपॅसिटर बदलले आहेत, अडॅप्टर तपासून घेतला.

होड्या ताईंच्या पद्धतीने. पाणी, तीन होड्या, कळा, आपटणं तपासणं, सगळं मिळून पट्टे पडद्याच्या मध्यावर संपतात. पन्नास फ्रेम, लुकलुक नाही. वेळ उरलाय तर आता वल्ह्याचा आवाज हवा. बीपरला, म्हणजे यंत्रातल्या साध्या भोंग्याला, प्रोसेसर स्वतः गुंतून राहतो म्हणतात, मग पाणी थांबेल ना?

टीस्टेट

सूर हवा असता तर अडचण होती. तुम्हाला 'छप' हवंय, म्हणजे खरखर. उरलेल्या चौतीसेक हजार टी मधले वीसेक हजार त्याला द्या. रॉममधले बाइट एकामागून एक वाचा, त्यांचा बिट ४ (शून्यापासून मोजून) पोर्ट २५४ ला पाठवा, मध्ये थोडं थांबा. रॉममधला मजकूर कानाला पुरेसा विस्कळीत वाटतो. थांबण्याचा काळ दर फ्रेमला वाढवत नेला की आवाज जाड होत विरतो. दर फ्रेमला चित्र काढताना आवाज तुटेल, त्याची ५० हर्ट्झची घरघर खाली ऐकू येईल. पाण्याच्या आवाजात ती खपून जाते. बाकीचे बिट 'अँड १६' ने काढून बॉर्डरचा रंग 'ऑर' करा, नाहीतर प्रत्येक वल्ह्याला बॉर्डर रंगपंचमी खेळेल.

सहापाचशून्यदोन

बीबीसीत आवाजाला वेगळी चिप होती. तीन सुरांची वाहिनी, एक खरखरीची.

संपादक मंडळ

वेगळा धागा.

खणभागकर

:) छप जमलं. टेपची फाइल आणि सोर्स दोन्ही उद्या धाग्याच्या पहिल्या प्रतिसादात चढवतो. विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी सात ते दहा यंत्र मांडवात असेल. जवळपास असाल तर या, दुसरा कीबोर्ड नाही, नंबर लावावा लागेल.

कुपवाडकरीण

येते. सोर्समध्ये कॉमेंट मराठीत ठेवा.